श्रोत्याचें मौन

'मौनं संमतिलक्षणम्' हें वचन लग्नमंडपापासून न्यायसभेपर्यंत सर्वत्र चालतें. तें बोलणाराच्या सोयीचें आहे, गप्प बसणाराच्या नव्हे, एवढी गोष्ट मात्र ध्यानांत घेण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. पंक्तीस बसलेल्या पाहुण्यानें पानांत पडलेली भाजी निमूटपणें संपविली, कीं ती त्यास आवडली असें समजून घरधनीण आणखी वाढते. पाहुणा भिडेस्तव तीहि संपवितो. आणि पुढल्या खेपेस तो येणार असें कळतांच तीच भाजी चुलीवर चढते. ह्या व्यवहारांत कोणीहि खोटें बोललेलें नसतें. तरी दोघांच्या मध्यें एक असत्य येऊन बसलेलें असतें, व तें दर खेपेस अधिक पुष्ट होतें. अमेरिकेंत 'कंट्री म्यूझिक' ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या गीतप्रकाराची आणि त्याच्या नभोवाणीची आज जी स्थिति आहे, तिचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस ही पंगत आठवते. दुसऱ्यासाठीं निवड करणाऱ्या माणसावर कोणतें ऋण असतें, हा प्रश्न फार जुना आहे. पण तो इतक्या उघड्या स्वरूपांत, आंकड्यांनिशीं व तारखांनिशीं, क्वचितच पाहावयास मिळतो.

हें संगीत जन्मास आलें तें अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगरांत व शेतवाड्यांत. ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतवाल्यांचें फिडल, आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेल्यांच्या वंशजांचा बँजो, चर्चमधील भजनें, आणि आगगाडी, तुरुंग, दारू, आई, मोडलेला संसार हे विषय, इतक्या सामग्रीवर त्याचा प्रपंच उभा आहे. परंतु डोंगरांतलें हें गाणें देशभर पोहोंचविलें तें मुख्यतः रेडिओनें. ध्वनिमुद्रिका प्रत्येक वेळीं विकत घ्यावी लागे. रेडिओ एकदां घरांत आला म्हणजे आकाशांतून येणारें गाणें फुकट होतें. १९२४ सालीं शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्रानें शनिवार रात्रीं 'नॅशनल बार्न डान्स' सुरू केला. पुढील वर्षीं, २८ नोव्हेंबर १९२५ रोजीं, नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रानें अंकल जिमी थॉम्प्सन ह्या सत्याहत्तर वर्षांच्या वृद्ध फिडलवाल्यास ध्वनिक्षेपकापुढें बसविलें. त्या रात्रीपासून जो कार्यक्रम चालू झाला, तो 'ग्रँड ओल ऑप्री' ह्या नांवानें अद्याप चालू आहे. २०२५ सालीं त्यास शंभर वर्षें झालीं.

जुन्या काळाचें स्तोत्र गाण्याचा आमचा हेतु नाहीं. तो काळ निर्लोभी होता असें म्हणणें इतिहासास सोडून होईल. डब्ल्यूएलएस हीं अक्षरें 'वर्ल्ड्‌स लार्जेस्ट स्टोअर' ह्या, सीअर्स कंपनीच्या दुकानाच्या, बिरुदाचीं होतीं. डब्ल्यूएसएम हें एका विमाकंपनीचें केंद्र होतें, व त्याचीं अक्षरेंहि 'वी शील्ड मिलियन्स', म्हणजे आम्ही लक्षावधींचें रक्षण करतों, ह्या तिच्या जाहिरातीच्या वाक्यांतून आलीं होतीं. कार्यक्रमाचा सूत्रधार जॉर्ज हे हा तर ग्रामीणपणा चक्क घडवून विकीत असे. वाद्यवृंदाचे प्रमुख डॉ. हंफ्री बेट हे शिकले-सवरलेले वैद्य होते. पण त्यांच्या मंडळीचें नांव 'पॉसम हंटर्स' ठेवण्यांत आलें, आणि पुढें फोटोग्राफरासमोर गवयांस शेतमजुराचे कपडे घालून उभें करण्यांत आलें. खेड्याचें खेडेपण शहरांत बसून ठरविण्याची विद्या कांहीं कालपरवाची नव्हे.

तथापि एक भेद होता, आणि आमच्या मतें तो लहान नव्हे. शनिवारीं रात्रीं गाणें ऐकविणाऱ्या विमाकंपनीचा एजंट पुढें त्याच शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन उभा राही. गाणें आवडलें नसेल तर शेतकरी तें त्याच्या तोंडावर सांगे. आवडलें असेल तर त्याचें दार उघडे. निवड करणारा निवड सोसणाराच्या हांकेच्या अंतरावर होता. त्याचा लोभ तोच, पण त्या लोभास दर आठवड्यास मनुष्याचें तोंड पाहावें लागे.

हें अंतर जवळचें असलें म्हणजे न्याय होतोच असेंहि नाहीं. डीफोर्ड बेली ह्या कृष्णवर्णी वादकाची हकीकत येथें सांगितलीच पाहिजे. १९२७ सालीं हे ह्यानें 'ग्रँड ओल ऑप्री' हें नांव प्रथम उच्चारलें, त्या प्रसंगीं जें वाद्य वाजलें तें बेलीचें हार्मोनिका होय. तोंडाच्या त्या चिमुकल्या पेटींतून तो धांवती आगगाडी उभी करी. पुढें गीतांचे हक्क सांभाळणारी आस्कॅप ही संस्था व ध्वनिक्षेपण-केंद्रें ह्यांच्यांत मोबदल्याचा तंटा पेटला, आणि ज्या चालींनीं बेलीचें नांव झालें त्या वाजविण्याची सोय राहिली नाहीं. हा नव्या चाली शिकत नाहीं असें कारण पुढें करून १९४१ सालीं त्यास काढून टाकण्यांत आलें. त्यानें उरलेलें आयुष्य नॅशव्हिलमध्येंच जोडे पुसण्याच्या दुकानावर काढलें. १९८२ मध्यें तो वारला. त्याच्या नांवास कंट्री संगीताच्या सन्मानमंदिरांत जागा मिळाली ती २००५ सालीं. लक्षावधि श्रोते पंधरा वर्षें त्यास ऐकत होते. तो एका शनिवारीं आला नाहीं, तेव्हां त्यांच्या मौनाचा अर्थ काय घेतला गेला हें उघड आहे.

आतां वर्तमानाकडे वळूं. १९९६ पूर्वी अमेरिकेंत एका मालकास देशभर मिळून चाळीसाहून अधिक केंद्रें बाळगतां येत नसत. त्या वर्षींच्या दूरसंचार कायद्यानें ही देशव्यापी मर्यादा काढून टाकली, व मोठ्या शहरांत एकट्या मालकास आठांपर्यंत केंद्रें ठेवण्याची मुभा दिली. थोड्याच वर्षांत क्लिअर चॅनेल ह्या एका कंपनीकडे बाराशेंहून अधिक केंद्रें जमा झालीं. हीं केंद्रें कर्ज काढून घेतलेलीं. आणि कर्जाचें व्याज तर दर तिमाहीस भरावयाचें! तेव्हां गांवोगांवचे निवेदक कमी करण्यांत आले, व दूरच्या शहरांत आधींच मुद्रित केलेला एकच आवाज दहा गांवांस 'सुप्रभात' म्हणूं लागला. श्रोत्यास तो शेजारचाच वाटावा म्हणून त्यांत त्या त्या गांवचीं नांवें पेरण्यांत येतात. एवढें करूनहि कर्ज फिटलें नाहींच. 'आयहार्टमीडिया' असें नवें नांव घेतलेल्या ह्या कंपनीनें २०१८ सालीं सुमारें वीस अब्ज डॉलरांच्या कर्जाखालीं न्यायालयाकडे धांव घेतली. तिची स्पर्धक क्यूम्युलस तत्पूर्वी कांहीं महिने तेथें जाऊन पोहोंचली होती.

कोणतें गाणें लावावें हें आतां कसें ठरतें, तें पाहण्यासारखें आहे. निवडक श्रोत्यांस गाण्याचा अवघा कांहीं सेकंदांचा तुकडा ऐकवून मत विचारतात. मोठ्या शहरांत २००७ पासून एक लहानसें यंत्र कांहीं लोकांच्या अंगावर बाळगावयास दिलें जातें. ध्वनिक्षेपणांत कानास न कळणारा एक संकेत मिसळलेला असतो, तो हें यंत्र टिपतें. मनुष्य ऐकत आहे, कीं भांडीं घांसतांना कोपऱ्यांत रेडिओ नुसता बडबडत आहे, हें यंत्रास कळत नाहीं व त्यानें तें कळून घ्यावें अशी अपेक्षाहि नाहीं. श्रोत्यानें खटका फिरविला नाहीं, एवढेंच तें सांगतें. मग केंद्रचालक असें गाणें शोधूं लागतो कीं ज्यानें कोणाचाच हात खटक्याकडे जाणार नाहीं. आवडतें गाणें व न खटकणारें गाणें ह्या दोन वस्तु आहेत; त्यांतली दुसरी मोजतां येते, म्हणून तिलाच पहिलीचें नांव देण्यांत आलें आहे. २०२० सालीं एक गाणें पासष्ट आठवड्यांच्या वाटचालीनंतर रेडिओच्या यादींत पहिल्या क्रमांकावर पोहोंचलें. सव्वा वर्ष एकच गाणें कानांवर घातल्यावर जें कांहीं उरतें, त्यास रुचि म्हणावें कीं संवय?

ह्या मोजणीचा सर्वांत मोठा भार स्त्रियांवर पडला आहे. दोन गायिकांचीं गाणीं लागोपाठ लावूं नयेत, असा एक दंडक ह्या धंद्यांत दीर्घकाळ चालत आला. २०१५ सालीं कीथ हिल नांवाच्या एका सल्लागारानें तो जाहीरपणें सांगितला. कंट्री रेडिओच्या कोशिंबिरींत पुरुष हे मुख्य पालेभाजी असून स्त्रिया ह्या टोमॅटोच्या फोडी होत, असा त्याचा दृष्टांत होता. मोठा गहजब झाला. पण गृहस्थ निदान स्पष्टवक्ता तरी होता. इतर जें करीत होते तेंच त्यानें बोलून दाखविलें. ओटावा विद्यापीठाच्या जेडा वॉटसन ह्यांनीं पुढें वार्षिक याद्या तपासल्या, तेव्हां असें दिसलें कीं २००० सालीं त्यांत गायिकांचीं गाणीं एक-तृतीयांश होतीं, तीं २०१८ सालीं सुमारें एक-नवमांशावर आलीं होतीं. डॉली पार्टन, लोरेटा लिन, पॅट्सी क्लाइन ह्यांचीं नांवें ज्या कलेच्या इतिहासाच्या कपाळावर कोरलेलीं आहेत, तिच्या संबंधीं आपण बोलत आहों! स्त्रियांनाच स्त्रियांचें गाणें नको असतें, असें चालक म्हणत. गायिका कमी लावाव्या. कमी लागल्यामुळें त्या अनोळखी राहाव्या. अनोळखी आवाजाच्या तुकड्यास चांचणींत कमी गुण पडावे. आणि ते गुण दाखवून त्या आणखी कमी लावाव्या. पाहुण्याच्या पानांतून पदार्थच उचलून नेला, आणि पाहुणा तो खात नाहीं अशी वर नोंद केली.

येथें चालकाची बाजू न्यायबुद्धीनें मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाहीं. तो म्हणतो, "मी निवड करीतच नाहीं, लोक करतात. मी माझी रुचि त्यांच्यावर लादूं लागलों, तर तुम्हीच मला उद्धट म्हणाल. शिवाय मला पगार द्यावयाचे आहेत." ह्यांतील विनय आम्हांस खरा वाटतो, आणि म्हणूनच तो घातक वाटतो. हजार गाण्यांतून तीस काढणें ही निवडच होय, मग ती मनानें करा कीं तक्त्यानें करा. निवड आपली असूनहि तिचें उत्तरदायित्व लोकांच्या नांवावर मांडणें, हा नम्रतेचा वेष घेतलेला कर्तव्यत्याग आहे. आणि येथें वस्तु केवळ दुकानांतील नाहीं. अमेरिकेच्या १९२७ व १९३४ च्या कायद्यांनीं आकाशांतील लहरी खाजगी मालकीच्या मानलेल्या नाहींत. सार्वजनिक हित, सोय व गरज ह्यांच्या अटीवर त्या वापरावयास दिल्या आहेत. विश्वस्तानें धन्याच्या मौनाचा अर्थ आपल्या सोयीनें लावावयाचा नसतो. (जातां जातां सांगावयाचें तें हें, कीं ह्याच रेडिओवर गाणें लागलें असतां गीतकारास मोबदला मिळतो, पण गाणाऱ्यास अमेरिकन कायद्यानें कवडीहि मिळत नाहीं. जाहिरात होते, हेंच त्याचें मानधन!)

बंदी ही गोष्टहि नवी नव्हे. परंतु एकानें घातलेली बंदी आणि अनेकांनीं वेगवेगळी घातलेली बंदी ह्यांत नैतिक अंतर आहे, तें पुरतें समजून घेण्याजोगें आहे. १९७५ सालीं लोरेटा लिन हिनें संततिनियमनाच्या गोळीवर गाणें काढलें, तेव्हां पुष्कळ केंद्रांनीं तें लावण्याचें नाकारलें. तरी तें कंट्रीच्या यादींत पहिल्या पांचांत गेलें. कारण एका मालकानें नाकारलें तरी पलीकडच्या परगण्यांतला दुसरा मालक तें लावी. ज्यास त्यास आपली लाज वा आपलें धैर्य आपल्या नांवावर दाखवावें लागे. २००३ च्या मार्चमध्यें, इराकवरील स्वारी तोंडावर आली असतां, डिक्सी चिक्स ह्या त्रयींतील नाताली मेन्स हिनें लंडनच्या रंगमंचावरून आपल्या राष्ट्राध्यक्षाविषयीं लाज वाटते असे उद्गार काढले. त्या वेळीं प्रथम क्रमांकावर असलेलें त्यांचें गाणें थोड्याच आठवड्यांत यादींतून नाहींसें झालें. क्यूम्युलस कंपनीनें तर आपल्या सर्व कंट्री केंद्रांवर तें कांहीं काळ बंद ठेवविलें. त्याच वर्षीं सेनेटच्या समितीपुढें तिच्या प्रमुखास त्याचा जाब द्यावा लागला. श्रोत्यांचा राग खोटा नव्हता. फोन खरोखरच खणखणत होते. पण ओरडणाराचें मत ऐकूं येतें म्हणून मोजलें गेलें, आणि गप्प बसणाराचें मत ऐकूं येत नाहीं म्हणून ओरडणाराच्याच बाजूस मिळवलें गेलें. एरव्हीं ज्या मौनाचा अर्थ 'हवें' असा होत असे, त्याचा अर्थ त्या महिन्यांत 'नको' असा झाला. मौन बिचारें दोन्हीकडे राबलें.

आतां श्रोता पूर्वीसारखा बांधलेला राहिला नाहीं. मोबाइलमध्यें जगांतील सर्व गाणीं हाताशीं आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्यें व्हर्जिनियांतील ऑलिव्हर अँथनी ह्या तोंवर अप्रसिद्ध गायकाचें गाणें रेडिओच्या आधाराशिवाय अमेरिकेच्या मुख्य यादींत एकदम पहिलें आलें. झॅक ब्रायन हा तर रेडिओची फारशी पर्वा न करतां मोठमोठीं क्रीडांगणें भरवितो. २०२४ च्या फेब्रुवारींत बियॉन्से हिचें 'टेक्सास होल्ड 'एम' निघालें. श्रोत्यांनीं स्वतः लावून ऐकलेलें, विकत घेतलेलें व रेडिओवर लागलेलें हें सर्व ज्या कंट्री यादींत जमेस धरतात, तींत तें पहिल्या क्रमांकावर पोहोंचलें. त्या स्थानीं पोहोंचलेली ती पहिली कृष्णवर्णी स्त्री होय. केवळ कंट्री रेडिओचें ध्वनिक्षेपण मोजणाऱ्या यादींत मात्र तेंच गाणें तेहतिसाव्या क्रमांकापुढें सरकलें नाहीं. एकाच वस्तूच्या दोन मापांतील हें अंतर पाहून तरी, न फिरविलेल्या खटक्याची किंमत चालकांच्या ध्यानांत यावयास हरकत नव्हती.

त्याच सुमारास घडलेली ओक्लाहोमांतील एडा ह्या लहान गांवची एक गोष्ट मात्र आम्हांस जास्त बोधप्रद वाटते. एका श्रोत्यानें तेथील कंट्री केंद्राकडे हें गाणें लावण्याची विनंति पाठविली. आमचें केंद्र कंट्रीचें आहे, आम्ही बियॉन्से लावीत नाहीं, असें उत्तर आलें. त्या उत्तराची देशभर निंदा झाली, पत्रांचा पाऊस पडला, आणि केंद्रानें गाणें लावण्यास सुरुवात केली. निंदेंत आम्ही सामील होत नाहीं. उत्तर चुकीचें होतें हें खरें. पण उत्तर आलें! तेथें पत्र वाचणारा, चुकणारा आणि चूक दुरुस्त करणारा मनुष्य बसलेला होता. शेंकडों केंद्रांचा कारभार जेथून एकत्र हांकला जातो, तेथें अशा पत्राचें काय होतें, ह्याचा वाचकांनींच तर्क करावा.

मोबाइलनें हा प्रश्न सोडविला असेंहि कोणी समजूं नये. तेथेंहि एकामागून एक गाणीं पुढें करणारें गणित असतें, आणि तुम्ही गाणें मध्येंच टाकून पुढें गेलां नाहीं, तर तें तुम्हांस रुचलें अशी नोंद तेंहि करतें. पंगत मोठी झाली, पदार्थ असंख्य झाले, पण वाढण्याची रीति तीच आहे. रेडिओपाशीं आतां त्या गणिताहून वेगळें असें एकच द्रव्य उरलें आहे, तें म्हणजे त्या ठिकाणीं, त्या वेळीं, जागा असलेला मनुष्य. आणि कर्जाच्या भरपाईसाठीं गेलीं पंचवीस-तीस वर्षें सर्वांत आधीं त्याचीच कपात होत आली आहे.

ही कपात किती महाग पडूं शकते हें १८ जानेवारी २००२ च्या रात्रीं नॉर्थ डाकोटांतील मायनट गांवीं दिसलें. मध्यरात्रीनंतर तेथें मालगाडी रुळांवरून घसरली व अमोनिया वायूचा लोट गांवावर पसरला. गांवचीं सहाच्या सहा व्यापारी केंद्रें क्लिअर चॅनेलच्या मालकीचीं होतीं. लोकांस सावध करावें म्हणून पोलिसांनीं केंद्राकडे फोन केले. ते कोणी उचलले नाहींत. कंपनीनें पुढें असा खुलासा केला कीं केंद्रांत मनुष्य होता व पोलिसांचेंच इशाऱ्याचें यंत्र नीट जोडलेलें नव्हतें. दोष कोणाचा कितपत हा वाद पुष्कळ चालला, आणि त्याचा निकाल येथें बसून लावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्या रात्रीं एक मनुष्य मेला, शेंकडोंस दवाखाना गांठावा लागला, आणि रेडिओवर गाणीं चालू होतीं.

ह्याच्या उलट दुसरें उदाहरण आहे, आणि तें त्याच कंपनीचें आहे. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन वादळानें पश्चिम नॉर्थ कॅरोलायनांतील डोंगराळ मुलूख उद्ध्वस्त केला. वीज गेली, मोबाइल मुके झाले, रस्ते वाहून गेले. अ‍ॅशव्हिल येथें डब्ल्यूडब्ल्यूएनसी म्हणून एक केंद्र आहे. १९२७ च्या वसंतांत, ध्वनिमुद्रिकांनीं नांव होण्यापूर्वीं, जिमी रॉजर्स ह्या आद्य कंट्री गायकानें त्याच केंद्रावरून गाणीं म्हटलीं होतीं. आतां तें आयहार्टचें असून तेथें गाण्यांऐवजीं बातम्या व चर्चा चालतात. वादळानंतर तेथील निवेदक केंद्रांतच मुक्कामास राहिले, आणि कंपनीच्या त्या गांवांतील इतर केंद्रांवरूनहि त्यांचाच आवाज सोडण्यांत आला. पाणी कोठें मिळेल, कोणता रस्ता खुला आहे, अमक्या खोऱ्यांतील आपली म्हातारी आई कोणाच्या दृष्टीस पडली काय, असे प्रश्न विचारणारे फोन दिवसरात्र येत राहिले. मोटारींत व बॅटरीच्या रेडिओपाशीं बसलेले लोक ते ऐकत, आणि एका श्रोत्याच्या प्रश्नास दुसराच कोणी श्रोता फोन करून उत्तर देई.